धुऱ्यानं ये

आधीच सांगून ठेवतो, या ग्रुपवर मी स्वतःहून आलेलो नाही. नातीनं आणून बसवलं. तिला असले किस्से वाचायचा भारी नाद. ती मोठ्यानं वाचते आणि मी चहा पिता पिता प्रत्येक किस्स्यातली चूक काढतो... खिडकी बंद होती तर वारा कुठून आला, कुत्रं भुंकलं नाही ते काहून, वगैरे. परवा ती वैतागली आणि म्हणाली, "आबाजी, मग तुमचा तुम्हीच लिहा ना." म्हणून हे. मी बोलतो, ती टाइप करते. शुद्धलेखनाच्या शिव्या तिला द्या.

भूत, चकवा, लागीर यातलं मी आयुष्यात काही मानलं नाही. आमच्या घरात मानायची सोयच नव्हती. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव उचलून वैनगंगेत सोडले. देवांच्या मागं भुतंही वाहून गेली, असं ते म्हणत. त्यात मी फौजेत, आणि फौजेत पण सुरुंग लावणाऱ्या-काढणाऱ्या पलटणीत. आमच्या कामात ज्याला नसलेलं दिसतं त्याला दुसऱ्या कामावर पाठवतात. असलेलं ज्याला दिसत नाही त्याचं काय होतं, ते पुढं येईलच.

मी आसगावचा, पवनी तालुका. वय पंच्याहत्तर. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत. एकाहत्तरच्या लढाईत मी पश्चिमेच्या सीमेवर होतो. गावात मला फौजी म्हणतात, आणि माझ्या मागं 'बांधीतला फौजी' म्हणतात. आमच्याकडं धानाच्या शेताचे तुकडे असतात, त्यातल्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधला जो मातीचा बांध असतो तो धुरा. माणसानं चालायचं ते धुऱ्यावरून. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, झालेल्या बांधीत कोणी पाय ठेवत नाही, लहानपणी पहिली कानफटात त्यासाठीच खाल्लेली असते. आणि मी, चांगला शेतकऱ्याचा पोर, फौजेतून परत आल्यापासून धुऱ्यावर पाय ठेवलेला नाही. चिखलात उतरतो, रोपांच्या मधून मधून पाय टाकत जातो. एक रोप मोडत नाही माझ्या पायाखाली, पण लोकांना ते कुठं पटतं? "फौजी, धुरा दिसत नाही का जी तुमाले?" असं हसून विचारतात. बायको होती तोवर ती रोज चिडायची. मी म्हणायचो, पायाला गार लागतं. या खोटेपणाचं मूळ सांगायला मला त्रेपन्न वर्षं लागली.

माझ्या सेक्शनमध्ये सदाशिव म्हणून होता. सानगडीचा, साकोली तालुक्यातला. भंडारा जिल्ह्याचे आम्ही दोघंच, त्यामुळं दोन तालुके दूर असूनही सख्ख्या भावासारखे. रात्री पंजाबच्या थंडीत हा माणूस धानाच्या जाती मोजायचा, झोप यावी म्हणून. तो मला वामन म्हणायचा, मी त्याला सद्या. लढाईच्या वर्षी त्याला मुलगी झाली होती, लता. तिला त्यानं एकदाच पाहिलं, पाच दिवसांच्या सुट्टीत.

लढाई संपली. रेडिओवर सांगितलं, आम्ही नाचलो, लाडू खाल्ले. पण आमची पलटण नाचून मोकळी होत नाही. लढाई संपल्यावर आमचं काम सुरू होतं, जमिनीत जे पेरून ठेवलेलं असतं ते काढायचं. आम्हाला गव्हाची शेतं मिळाली. वीतभर गहू वर आलेला, मालक पळून गेलेला. दोन दिवस आम्ही एक वावर साफ केलं. पद्धत अशी... पुढचा माणूस सळईनं टोचत जातो, मागचा त्याच्या पावलात पाऊल ठेवतो, साफ झालेल्या जागेला पांढरी टेप लागते. टेपच्या बाहेर पाय टाकायचा नाही. टेप लावायचं काम माझ्याकडं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सद्या गाडीकडून चहाची किटली घेऊन येत होता. साफ झालेल्या गव्हातून, टेपच्या आतून, बरोबर यायला पाहिजे तसाच येत होता. मी पलीकडं बसलेलो. त्याच्या बुटाखाली तो कोवळा गहू दबत होता आणि मला ते बघवेना. काय सांगू... ट्रेनिंग डोक्यात असतं, पण धुरा पायात असतो. मी ओरडलो, "काय बे सद्या, कोणाचं पीक तुडवतेस? धुऱ्यानं ये!"

तो हसला. "हो ना बे," म्हणाला. टेपवाला म्हणतो म्हणजे धुरा साफ असणारच, असं त्याला वाटलं असेल. तो चढला. धुरा आम्ही त्याच्या दुसऱ्या दिवशी साफ करायला घेणार होतो. मला ते माहीत होतं. मीच तसं ठरवलं होतं.

चौथं पाऊल.

साहेबांनी विचारलं, हा टेपच्या बाहेर का गेला? मी म्हणालो, माहीत नाही साहेब. झालं. कागदावर तसंच लागलं. त्याची ट्रंक घेऊन सानगडीला मीच गेलो. गिरजा वैनी तेव्हा असेल अठरा-एकोणीसची, मांडीवर लता. मला म्हणाली, "भाऊजी, कसं झालं ते सांगा." आणि मी तिला सांगितलं की सद्या सगळ्यांत पुढं होता, आमच्यासाठी वाट मोकळी करत होता, एक शेवटचा सुरुंग राहिला होता... वैनी रडली नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

त्या खोट्याचं पुढं काय झालं ते ऐका. गावानं त्याच्या नावाची फरशी बसवली. मी फौज सोडून गावी आल्यापासून दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला सानगडीच्या शाळेत मला बोलावणं. मी दोन गाड्या बदलून जायचो, छातीवर पदकं लावून तो किस्सा सांगायचो. दर वर्षी सद्या थोडा जास्त पुढं जायचा. एका वर्षी तर तो जखमी साथीदाराला खांद्यावर घेऊन होता... टाळ्या पडल्या की मला माझीच लाज वाटायची, आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा जायचो. लोक विचारतात, लढाईनं तुमच्या आयुष्यात काय ठेवलं? पदकं ठेवली, पेन्शन ठेवली, कॅन्टीनचं कार्ड ठेवलं. आणि सद्याच्या बायकोच्या डोळ्यांत बघता न येणं ठेवलं. ती समोरच्या रांगेत बसायची. मी तिच्या डोक्यावरच्या घड्याळाकडं बघून बोलायचो.

आता मूळ किस्सा. यंदाच्या पावसाळ्यातली गोष्ट, रोवण्या आटोपत आल्या होत्या. लताचा फोन आला. तिला गावातच दिलेली, वैनी तिच्याकडंच राहायची.

"काकाजी, आईचं काही खरं नाही," ती म्हणाली. "जेवत नाही, झोपत नाही. दिवसभर मांगच्या पडवीत बसते अन् तुमचं नाव घेते. एक डाव येऊन जा जी."

"माझं नाव?"

"हो ना. वामनले बोलाव, वामनले बोलाव. मले ओळखत नाही धड, तुमचं नाव बराबर आठवते."

इथंच मला खटकलं. पन्नास वर्षांत वैनीनं मला नावानं कधी हाक मारलेली नाही. मी भाऊजी. वामन म्हणणारा एकच होता. पण म्हातारपणी माणूस काहीही बोलतो, असं म्हणून मी गाडीत बसलो.

पोचलो तेव्हा बारा वाजले असतील. चांगलं लख्ख ऊन पडलं होतं, हे मुद्दाम सांगतो. जावई साकोलीला गेलेला, घरात वैनी आणि लता. घराच्या मागच्या पडवीत वैनीची खाट, पडवीला लागून एक दगडी पायरी, पायरीपासून थेट त्यांची बांधी आणि बांधीच्या पलीकडच्या टोकाला धुरा. रोवणी होऊन आठ दिवस झालेले. रोवणाऱ्या बायांच्या पायांचे ठसे पावसानं केव्हाच बुजवले होते आणि दोन दिवसांच्या उन्हानं पाणी उतरलं होतं. चिखल असा गुळगुळीत की सारवलेलं अंगण. शेत पाहायची सवय म्हणून मी ते नीट पाहिलं होतं.

वैनी पार वाळली होती. मला बघून म्हणाली, "आले? बरं झालं. ते केव्हाचे उभे हायेत."

"कोण वैनी?"

"लताचे बाबा. पल्याडच्या धुऱ्यापाशी."

मी पाहिलं. धुऱ्यावर एक बगळा सोडला तर कोणी नव्हतं.

लता माझ्या कानाशी म्हणाली, "महिनाभरापासून हेच चालू हाये काकाजी. मी म्हटलं, आई, कोणी नाही वो तिथं, तर माह्यावरच चिडते."

वैनीनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. मला म्हणाली, "रोज इचारते मी, येत काहून नाही म्हणून. ते म्हणतेत, वामन म्हणाला धुऱ्यानं ये. धुऱ्यानं आलो का घरी पोचत नाही. वामनले इचार, बांधीतून येऊ का?"

असल्या किस्स्यांमध्ये इथं माणसाला दरदरून घाम फुटतो. मला नाही फुटला. माझ्या डाव्या पायाच्या तळव्याला मुंग्या आल्या, टोचलेल्या जमिनीवर पहिला पाय ठेवताना येतात तशा. हे दोन शब्द... धुऱ्यानं ये... मी त्या दिवसानंतर कोणाजवळ उच्चारले नव्हते. साहेबांना नाही, बायकोला नाही. झोपेत बडबडलो असेन म्हणाल, तर बायको अकरा वर्षांपूर्वी गेली आणि वैनीशी तिची भेट एकाच लग्नात झाली होती, तीही पंगतीत.

"सांगा ना त्यांले," वैनी म्हणाली. "तुमचंच आयकतेत ते."

मी हळूच म्हणालो, "ये."

"आयकू नाही गेलं."

मग मी उठलो. पडवीच्या कडेला जाऊन उभा राहिलो. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, भर दुपारी, रिकाम्या शेताकडं तोंड करून. लाज वाटली, ते पण सांगतो. आणि नंतर नाही वाटली.

"सद्या..." मी ओरडलो. "बांधीतून ये बे. गहू तुडवला तरी चालते. बांधीतून ये."

बगळा उडाला. बाकी काहीच झालं नाही. वारा नाही, आवाज नाही. वैनीनं मात्र सुस्कारा सोडला आणि खाटेवर एका अंगाला सरकली, दुसऱ्याला बसायला जागा करावी तशी. लताला म्हणाली, "पाय धुवाले पाणी ठेव. चिखलातून येऊन रायले." लतानं तांब्या भरून पायरीवर ठेवला. वैनीनं डोळे मिटले आणि झोपली. लता म्हणाली, महिन्याभरात पहिल्यांदा दिवसा झोपली.

आम्ही आतल्या खोलीत येऊन बसलो. लतानं सुपात तांदूळ घेतले, निवडायला. थोड्या वेळानं म्हणाली, "काकाजी, धानाची बांधी हाये ते. गहू कुठून आला?"

आणि मी सांगितलं. सगळं. टेप, किटली, मी काय ओरडलो, तो कसा हसला. चौथं पाऊल. साहेबांना काय बोललो, वैनीला काय बोललो. तिचे हात सुपात फिरत होते, थांबले नाहीत.

"म्हणजे शाळेत सांगता ते..."

"खोटं."

"सगळं?"

"तो चांगला होता, तेवढं खरं."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मले राग आला हाये काकाजी. जेवून जा, मी भाजी टाकते. पण राग आला हाये."

"यायलाच पाहिजे," मी म्हणालो. मला रडू आलं. पंचवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, तिच्यासमोर हमसून रडलो.

लतानं सूप खाली ठेवलं. "एक सांगा. तुमी कोणालेच नाही सांगतलं म्हणता. मंग आईले धुऱ्याचं कोणं सांगतलं?"

मी उठून उभा राहिलो. वैनी उठली का बघायला म्हणून आम्ही दोघं पडवीत गेलो. अर्धा तास झाला असेल, जास्त नाही. वैनी झोपलेलीच होती. पायरीवरचा तांब्या आडवा पडला होता आणि पायरी ओली होती. मांजर असेल, असं मी लगेच म्हणालो. लतानं मला दंडाला धरलं आणि समोर बोट केलं.

बांधीत पावलं होती.

पलीकडच्या धुऱ्यापासून थेट आमच्या पायरीपर्यंत, एक सरळ रांग. ती मी पाहिली, लतानं पाहिली. बुटाची होती. टाचेला लोखंडी नाल मारलेल्या बुटाची. तसले बूट आम्हाला मिळायचे, आता ते कोणी घालत नाही. खोल, ठसठशीत, कडा अजून ओल्या. आणि एकही रोप दबलेलं नव्हतं. प्रत्येक पाऊल दोन रोपांच्या बरोबर मध्ये. बूट घालून असं चालणं सोपं नाही. त्याला जन्मापासून चिखलात वाढलेला माणूस लागतो.

मी चप्पल काढली, पायजमा वर घेतला आणि उतरलो. लता नको नको म्हणत होती. मी पहिल्या पावलात पाऊल ठेवलं. मग दुसऱ्यात. पुढच्याच्या पावलात पाऊल, आम्हाला शिकवलं होतं तसं, फक्त उलट दिशेनं. माझा पाय प्रत्येक ठशात बसत गेला. तो माझ्यापेक्षा बोटभर उंच होता, त्यामुळं ढांग मला थोडी मोठी टाकावी लागायची, तेव्हाही आणि त्या दिवशीही. बांधीच्या मध्यावर मी थांबलो आणि त्याचं नाव घेतलं. माफ कर म्हणालो. एवढंच, दुसरं काही सुचलं नाही. पलीकडं पोचलो तर धुऱ्यावरचं गवत जसंच्या तसं, कोणी चढल्या-उतरल्याची खूण नाही. पावलं धुऱ्याच्या खालूनच सुरू झाली होती, बांधीतून.

फोटो काढला का, असं तुम्ही विचारणारच. नाही काढला. दोघांनाही सुचलं नाही. सुचलं तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि तासाभरात बांधी पुन्हा सारवल्यासारखी झाली.

जावयाचे बूट म्हणाल, तर तो संध्याकाळी प्लास्टिकच्या चपलेत परत आला. कोणी मजा केली म्हणाल, तर धुऱ्यावरच्या गवतावर खूण न ठेवता माणूस त्या बांधीत उतरू शकत नाही आणि गोष्ट लताला अर्ध्या तासापूर्वी पहिल्यांदा कळली होती. मला भास झाला म्हणाल... तर झाला असेल. लतालाही झाला? मी सगळीकडून टोचून पाहिलं आहे. सळईला काही लागत नाही.

वैनी नऊ दिवसांनी गेली. त्या नऊ दिवसांत ती दोन्ही वेळा जेवली, झोपली, लताला नावानं हाक मारली. मागच्या शेताकडं तिनं परत पाहिलं नाही. पंधरा ऑगस्टला मी शाळेत गेलो आणि खरं काय ते सांगितलं. टाळ्या नाही वाजल्या. बाई धन्यवाद म्हणाल्या. लता समोरच्या रांगेत होती, तिच्याकडं बघून बोललो. तिचा राग अजून आहे, पण फोन करते.

एक राहिलं. त्या दिवशी मी बांधीतून परत आलो तेव्हा वैनी जागी झाली होती. माझे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. तिनं आधी माझ्या पायांकडं पाहिलं, मग तोंडाकडं. नजर एकदम साफ होती, अठराव्या वर्षी होती तशी.

"भाऊजी," ती म्हणाली, "एवढा उसीर काहून केला जी?"

मी खाली बघितलं. घड्याळ नव्हतं तिथं.

पावलं कोणाची, तांब्या कोणी सांडला, वैनीला कोणी सांगितलं, याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. तुमच्यापैकी कोणाजवळ असेल तर लिहा, नात वाचून दाखवेल आणि मी सवयीनं चूक काढीन. पण वैनीनं जे विचारलं त्याचंही उत्तर माझ्याजवळ नाही, आणि त्यात तर अमानवीय काहीच नव्हतं.